समोरून बोलेरो

वऱ्हाडात मोठे निर्णय पंगतीत होतात. सोयरिकी तिथंच जुळतात, वावराचे सौदे तिथंच फिसकटतात आणि ग्रामपंचायतीचं पॅनल तर बुंदीचा दुसरा फेरा येण्याआधीच तयार असतं. आमच्या काकाजींच्या जुन्या पिकअपचे समोरचे पाटे काढून तिला बोलेरोचे पाय लावायचे, हेही मूर्तिजापूरकडच्या एका लग्नात असंच ठरलं. गाडी तेव्हा मांडवाबाहेर लिंबाखाली उभी होती. तिला कोणी विचारलं नाही.

काकाजी अमरावती जिल्ह्यातले, दर्यापूरच्या बाजूचे. त्यांचे एक सोयरे अकोला जिल्ह्यातले. दोघांकडे एकाच कंपनीच्या, एकाच सुमाराच्या, सारख्याच म्हाताऱ्या पिकअप. एकीवर एमएच-२७, दुसरीवर एमएच-३०, आणि दोन्ही जिल्ह्यांची इभ्रत त्या दोन पाट्यांवर टांगलेली. एरवी दोघंही गाडीतून उतरले की पहिलं काम म्हणजे कमरेवर हात ठेवून मागे वाकायचं आणि "अरे देवा" म्हणायचं. त्या दिवशी सोयरे उतरले ते ताठ. वाकले नाहीत, देवाचं नावही नाही. काकाजींच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं.

पंगतीत बसल्यावर सोयरे सहज म्हणाल्यासारखं करून म्हणाले, "पोटातलं पानी हालत नाही आता. गाडीचं समोरचं सारं काम करून घेतलं."

"बोलेरोचं टाकलं काय जी?" पलीकडच्या पाटावरून एकानं विचारलं.

सोयऱ्यांच्या तोंडात बुंदी होती. त्यांनी नुसती मान हलवली. आमच्याकडे मान हलली एवढंच पाहतात, ती आडवी हलली की उभी, हे ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं ठरवायचं असतं. काकाजींनी पत्रावळीवर हात आडवा धरला, बुंदीवाल्याला पुढे जाऊ दिलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मंग आपलीले बी टाकू. त्याइच्यापेक्षा भारी टाकू."

आता ज्या गाडीवर हा प्रसंग गुदरणार होता, तिच्याबद्दल. ती महिंद्राची, ऐंशीच्या दशकातली. तोंड जीपचं, पाठीवर हौदा, पोटात डिझेल इंजिन, ज्याला आमचे मिस्त्री 'पिजो' म्हणतात. महिंद्रानं १९७९ साली फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी इंजिनाचा करार केला होता, त्याचा हा वऱ्हाडी वारस. हे घराणं तसं बरंच जुनं. १९४७ साली अमेरिकेतल्या विलीज कंपनीकडून पंचाहत्तर जीपा सुट्या भागांनी मुंबईत आल्या, तिथून महिंद्राच्या गाड्यांची सुरुवात. त्या पंचाहत्तरांतली एक आपल्या तालुक्यात होती असं शपथेवर सांगणारी माणसं मला अकोट, दर्यापूर, अचलपूर आणि मोर्शी अशा सगळ्या तालुक्यांत भेटली आहेत. १९६५ पासून कंपनी हलकी मालवाहू वाहनं काढू लागली आणि जीपच्या नाकामागे हौदा असलेल्या गाड्या खेड्यापाड्यांत दिसू लागल्या. काकाजींच्या गाडीनं कापूस वाहिला, तूर वाहिली, हरभरा वाहिला, दोन वेळा नवरदेव वाहिला आणि दर निवडणुकीला भोंगा वाहिला. पक्ष बदलत गेले. गाडी तीच.

तिच्या समोर आणि मागे, दोन्हीकडे पाटे. ज्यांनी गाडीखाली कधी वाकून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या, सगळ्यांत वर लांब मेन पाटा, त्याखाली त्याहून आखूड, त्याखाली आणखी आखूड. मध्ये सेंटर बोल्ट, दोन बाजूंनी यू बोल्ट. मेन पाट्याच्या टोकाला डोळा, डोळ्यात बुश, बुशात पिन. एका टोकाला शॅकल, कारण पाटा दबला की लांबतो आणि त्याला सरकायला जागा लागते. डाव्या-उजव्या पाट्यांना जोडणारा आडवा अखंड ॲक्सल. त्यामुळे डावं चाक खड्ड्यात गेलं की उजव्यालाही समजतं, आणि दोघं मिळून ते ड्रायव्हरच्या कमरेला कळवतात. ही युक्ती घोडागाड्यांच्या काळातली. तेव्हा कमरेची तक्रार करायला माणूस होता, ऐकायला डॉक्टर नव्हता.

पण या रचनेला अडाणी म्हणणाऱ्यांशी मी भांडतो. हिच्यात ओझं चेसिसवर पुढे-मागे दोन ठिकाणी वाटलं जातं. अंग मोजकं, बिघाड मोजका. एखादा पाटा तुटला तर कुठल्याही तालुक्याच्या गावी पाटेवाला बसलेला असतो, तो तेवढा एक पाटा बदलून देतो आणि गाडी संध्याकाळी पुन्हा कामाला लागते. आजही जड ओझ्याच्या कित्येक नव्या कोऱ्या पिकअपना समोर पाटेच देतात, ते काही कंपनीतल्या इंजिनीअरांना दुसरं येत नाही म्हणून नव्हे.

आणि आमच्याकडची माती लक्षात घ्या. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी, भारी. कपाशीला जितकी चांगली तितकीच रस्त्याला वाईट. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरून डांबर कितीही टाका, खालून माती आपलं काम करत राहते. दर्यापूर भागात वर्षानुवर्षं रस्ता आणि वावर यांतला फरक एवढाच होता की वावरात पीक यायचं. पांदणीचं तर नावच नको. पावसाळ्यात पांदणीतून बैलगाडी बाहेर आली की लोक बैलांचं अभिनंदन करत.

गंमत पुढे आहे. अमरावती ते अकोला हा महामार्ग कित्येक वर्षं खड्ड्यांसाठीच प्रसिद्ध होता. मग २०२२ च्या जूनमध्ये त्यावर लोणी ते माना या भागात ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरून काढली आणि गिनेस बुकात तिची नोंद झाली. आधीचा विक्रम कतारचा होता. तिथं पंचवीस किलोमीटरला दहा दिवस लागले होते. आमच्याकडे त्या जूनमध्ये लोक मुलाबाळांना घेऊन रस्ता पाहायला गेले. ज्या रस्त्यानं दोन जिल्ह्यांच्या कमरा मोडल्या, तो अखेर सपाट झाला, आणि बरोब्बर त्यानंतर काकाजींना पाट्यांचा त्रास व्हायला लागला. खड्डे होते तोवर माणूस खड्ड्यांना शिव्या देत होता. खड्डे गेल्यावर शिव्यांना जागा शोधावी लागली.

अमरावतीच्या मिस्त्रीनं गाडीखाली पोतं अंथरलं, आत सरकला, टॉमीनं इथं तिथं हिसके दिले आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "काकाजी, पट्टे में कुछ खराबी नहीं है. बुश खतम, शॅकल की पिना घिस गई, शॉकप तो कब के मर गये. ये नया डाल देंगे, पट्टे खोल के साफ करके ग्रीस मार देंगे. गाडी चकाचक हो जायेंगी."

"त्याइनं बोलेरोचं टाकलं," काकाजी म्हणाले.

मिस्त्रीनं एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा काकाजींकडे. मग तो म्हणाला, "हो जायेंगा."

या दोन शब्दांवर विदर्भातली निम्मी वाहनं चालतात आणि उरलेली निम्मी उभी आहेत.

काम निघालं म्हटल्यावर समोरच्या चहाच्या टपरीवरून सल्लागार मंडळी उठून आली. या मंडळींना कोणी बोलावत नाही आणि कोणी घालवतही नाही. एक म्हणाला, सुमोचं टाका. दुसरा म्हणाला, जुन्या स्कॉर्पिओचं टाका, तिला टॉर्शन बार आहे, पाना लावून उंची कमीजास्त करता येते. तिसरा परतवाड्याचा होता. तो म्हणाला, चिखलदऱ्याच्या घाटात पाट्यासारखं काहीच नाही, आणि त्यानं तिथून पुढे घाटात कोणकोणत्या गाड्या कुठं कुठं बंद पडल्या त्याची तपशीलवार यादी सांगितली. चौथ्यानं नुसतं विचारलं, "पासिंगचं कसं?" त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. शहाण्या प्रश्नाचं टपरीवर हेच होतं.

सामान अकोल्यातून आणायचं ठरलं. अमरावतीत मिळालं नसतं असं नाही, पण सोयऱ्यांच्या जिल्ह्यात जाऊन खरेदी करण्यात काकाजींना एक वेगळा अर्थ दिसत होता. भंगारवाल्याकडे एक बोलेरो होती, मागून ठोकलेली. म्हणजे समोरून शाबूत. तिचा समोरचा अख्खा सेट: क्रॉस मेंबर, वरचे आर्म, खालचे आर्म, कॉइल स्प्रिंगा, शॉकप, नकल, डिस्क, कॅलिपर. बैलबाजारात जबडा उघडून दात पाहावेत तसं काकाजींनी एकेक बॉल जॉइंट हातानं हलवून पाहिला, चेहरा पाडला, दोन पावलं परत फिरले, हाक आल्यावर थांबले. सौदा झाला. सेट छोट्या टेम्पोत चढला. येताना तो टेम्पो विक्रमी रस्त्यावरून असा अलगद आला की काकाजी म्हणाले, "पाय, सामानाचा गुन दिसून रायला."

टेम्पोला पाटे होते, हे मी बोललो नाही.

जुने पाटे उतरवले तो दिवस मात्र पाहण्यासारखा होता. यू बोल्टच्या नटांनी पाना स्वीकारलाच नाही, शेवटी गॅसनं कापले. सेंटर बोल्टचं डोकं छिन्नीच्या पहिल्या घावाला उडालं. पाटे सुटे करून बारदान्यावर लहान-मोठे क्रमानं मांडले, तेव्हा कळलं की ही गाडी आजवर लोखंडावर कमी आणि मातीवर जास्त चालत होती. दोन पाट्यांच्या फटीत काळ्या मातीचे थर, वाळून दगड झालेले. थरांत कापसाचे धागे, तुरीचं भूस, ऑइल. मिस्त्रीच्या पोऱ्यानं एक ढेकूळ फोडलं तर आतून सरकी निघाली, जशीच्या तशी. बुश असायला हवं त्या डोळ्यात सायकलच्या ट्यूबची गुंडाळी सापडली. ती कोणी आणि कोणत्या साली भरली यावर तिथं चहा होईपर्यंत वाद झाला. मिस्त्रीनं शॅकलची पिन पुसून काकाजींच्या तळहातावर ठेवली. एका अंगानं ती गोल होती, दुसऱ्या अंगानं घासून घासून पार चपटी. मग त्यानं शॉकप उचलला, हातानं ओढला, तो सुळकन बाहेर आला. सोडला, सुळकन आत गेला. चांगला शॉकप दोन्ही वेळा अडून बसतो. त्याचं काम तेच, उसळी मारायला निघालेल्या पाट्याला धरून ठेवायचं. याच्या पोटातलं तेल केव्हाच संपलं होतं.

"देखो काकाजी, मैं बोला था," मिस्त्री म्हणाला.

"थे जाऊ दे. थे लावाचं पाय."

तिथून पुढे ज्या घटना घडल्या त्यांना मी साखळी म्हणणार नाही, कारण साखळीला शेवटची कडी असते. बोलेरोचा क्रॉस मेंबर या चेसिसच्या मापाचा नव्हताच. चेसिसचे दोन्ही खांब समोरून कापले, पट्ट्या ठोकून रुंदी जुळवली. पण पाट्याचं ओझं जिथं दोन ठिकाणी वाटलं जायचं तिथं आता कॉइलचं सगळं ओझं एकाच जागी येणार, म्हणून त्या जागी आतून-बाहेरून प्लेट मारून वेल्डिंग. वेल्डिंग झाल्यावर इंजिन बसवायला घेतलं तर ऑइलचा चेंबर क्रॉस मेंबरवर टेकला. म्हणून इंजिन उचललं. इंजिन उचललं म्हणून पंखा रेडिएटरच्या भलत्याच भागाला हवा देऊ लागला. रेडिएटर उचलला म्हणून बोनेट लागेना. बोनेटला भोक पाडायचं की फुगवटा काढायचा, यावर पुन्हा टपरी एकत्र आली.

जुन्या स्टेअरिंगची ड्रॅग लिंक अखंड ॲक्सलसाठी होती. आता दोन चाकं एकमेकांपासून मोकळी झाली, म्हणजे स्टेअरिंगही बोलेरोचंच हवं. ते पॉवर स्टेअरिंग निघालं. त्याला पंप हवा, पंपाला पट्टा, पट्ट्याला पुली, आणि पिजोच्या अंगावर पंप टांगायला जागा नाही. मग खरादवाल्याकडून ब्रॅकेट. पुढच्या चाकांना आता डिस्क ब्रेक आले. ड्रमच्या हिशेबानं बनवलेल्या ब्रेकच्या पेडलवर काकाजी दोन्ही पायांनी उभे राहिले तरी डिस्क पुरेशी आवळेना. म्हणून मोठा मास्टर सिलिंडर, म्हणून बूस्टर. बूस्टरला व्हॅक्यूम लागतो, आणि डिझेल इंजिनातून तो पेट्रोलसारखा आयता मिळत नाही. म्हणून व्हॅक्यूम पंप. तो बहुधा अल्टरनेटरच्या पाठीवर बसतो. म्हणून अल्टरनेटर. अल्टरनेटर बसवताना पोऱ्यानं निष्पापपणे विचारलं, "काकाजी, इंजन बी बोलेरोचंच टाकून देऊ काय?" त्याच्याकडे काकाजींनी जे पाहिलं, त्यानंतर तो पोऱ्या दोन दिवस कामावर आला नाही.

आमच्याकडे हे नवं नाही. मूर्तिजापूरची शकुंतला आठवा, यवतमाळ आणि अचलपूरकडे जायची ती नॅरो गेज आगगाडी. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ मध्ये काढलं आणि डिझेल इंजिन लावलं. रूळ तेच, पूल तेच, डबे तसेच. नव्या इंजिनात दम असेलही, पण खालच्या रुळांनी त्याला तो दाखवू दिला नाही. तिच्यात बसून गेलेल्यांना विचारा, ते सांगतील की उतरून झाडाखाली बसून परत चढता यायचं, ते आधीही आणि नंतरही.

अमेरिकेतही हाच आजार आहे, तोही आपल्यापेक्षा मोठ्या प्रमाणावर. तिथं जुन्या फोर्ड एफ-१०० पिकअपचा समोरचा भाग काढून क्राउन व्हिक्टोरिया या मोटारीचा लावायची चाल आहे. २००३ ते २०११ या काळातल्या क्राउन व्हिक्टोरियाचा अख्खा सेट, आर्म-स्प्रिंग-स्टेअरिंगसकट, एका ॲल्युमिनियमच्या चौकटीवर एकत्र बसलेला असतो. तो खालून काढायचा आणि पिकअपखाली बोल्टांनी आवळायचा. ही मोटार तिकडे पोलिसांची म्हणून ओळखली जायची, त्यामुळे भंगारात मुबलक. आपल्याकडेही पोलिसांची बोलेरो आणि काकाजींची बोलेरो समोरून एकच, एवढं साम्य मला सुखावून गेलं. फरक एवढाच की तिकडचे लोक हे रविवारी हौसेनं करतात आणि त्या गाडीत नंतर फार तर दोन कुत्री बसवतात. काकाजींना तिच्यात हरभरा भरायचा होता.

गाडी तयार झाली. समोरची चाकं मडगार्डच्या बाहेर चार बोटं डोकावत होती, नाक खाली, शेपूट वर. हेडलाइट लावले तर उजेड थेट बंपरच्या पुढ्यात पडत होता. काकाजींनी ते ठोकून वर केले. नारळ फुटला, चाकाखाली लिंबू गेलं. महामार्गावर गाडी काढली आणि खरं सांगतो, मजा आली. गाडी पळत होती, आवाज नाही, हिसका नाही, हातात स्टेअरिंग लोण्याचं. बोरगाव मंजूपर्यंत काकाजींनी तीन वेळा विचारलं, "पोटातलं पानी हाललं काय?" तीनही वेळा मी नाही म्हणालो. दोनदा मनापासून.

महामार्ग सोडून गावच्या रस्त्याला लागलो, आणि पहिल्याच खड्ड्याला गाडी आपण होऊन डावीकडे वळली. स्टेअरिंग सरळ होतं. दुसऱ्या खड्ड्याला उजवीकडे. काकाजी म्हणाले, "तिले घरची वाट माईत हाय." पण घर तिकडे नव्हतं, तिकडे नाला होता. मिस्त्री लोकांना हा दोष ठाऊक असतो. आर्म वर-खाली होताना ज्या कमानीत फिरतो त्याच कमानीत टाय रॉड फिरला नाही, तर चाक दबताना टाय रॉड त्याला ओढतो किंवा ढकलतो, आणि माणसानं न वळवता चाक वळतं. कंपनीत ही दोन मापं कागदावर आधी जुळवतात. गॅरेजमध्ये ती नंतर जुळवावी लागतात, तेही वॉशर घालून. मग अलाइनमेंट. तिथल्या कंप्युटरच्या पडद्यावर कॅस्टर, कॅम्बर, टो-इन हे सगळे आकडे लाल आले. मशीनवाल्या पोरानं विचारलं, "गाडी कोंती टाकू याच्यात?" यादीत काकाजींची गाडी नव्हती. बोलेरो टाकली तर मागचे आकडे जुळेनात. शेवटी त्यानं मशीन बंद केलं आणि दोरी लावून चाकं सरळ केली. दोरीचे पैसे मशीनइतकेच घेतले.

हरभरा भरला तेव्हा दुसरी गोष्ट कळली. समोरच्या मऊ कॉइली बोलेरोच्या वजनाच्या हिशेबाच्या, मागचे पाटे धान्याच्या पोत्यांच्या हिशेबाचे. ब्रेक दाबला की गाडी वाकून नमस्कार करते, सोडला की मागं रेलून बसते. पांदणीत तर क्रॉस मेंबर चिखलाच्या उंचवट्यावर टेकला आणि चारही चाकं निवांत झाली. ट्रॅक्टरनं ओढून काढावी लागली. काकू धुऱ्यावर उभ्या होत्या. म्हणाल्या, "मंग चना आता मी डोक्शावर नेऊ काय?"

याच सुमारास सोयरे आले. गाडीतून ताठच उतरले. काकाजींनी बोनेट उघडून, त्यांना खाली वाकवून, कॉइलींसकट सगळं दाखवलं. सोयऱ्यांनी मन लावून पाहिलं आणि शेवटी विचारलं, "एवढं कायले केलं जी?"

"काहून? तुमी नाही टाकलं बोलेरोचं?"

"मी? मी तं बुश, पिना अन् शॉकप बदलले. पाटे धुतले, ग्रीस मारलं. दीड दिवसाचं काम."

"अन् लग्नात मान हालवली थे?"

"नाही म्हनूनच तं हालवली होती!"

काकाजी बराच वेळ सोयऱ्यांच्या गाडीखाली पाहत राहिले. तिथं नव्या बुशांचं काळं रबर दिसत होतं आणि पाट्यांच्या फटींतून ग्रीस जरा बाहेर आलं होतं.

टपरीवरच्या त्या चौथ्या माणसाचा पासिंगचा प्रश्नही आता पुन्हा हाती घ्यावा लागेल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीनं जशी गाडी दिली तिच्या नोंदीशी न जुळणारा फेरफार मालकानं करायचा नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठणकावलं, आणि त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीनं नियमबाह्य फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. दर फेरफारामागे, हे शब्द नीट वाचा. काकाजींच्या गाडीचे फेरफार मोजायला मी एकदा बसलो होतो. व्हॅक्यूम पंपापर्यंत आलो आणि वही मिटली. काकाजींना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "साहेबाले समोरून दिसलीच नाही पायजे, मागून दाखवू." मागे अजून पाटेच आहेत, त्यामुळे त्यात तथ्य आहे.

माझं मत मागाल तर स्पष्ट सांगतो. गाडी फक्त मिरवायला ठेवायची असेल, ओझं वाहायचं नसेल, मापं कागदावर काढू शकणारा इंजिनीअर ओळखीचा असेल आणि आरटीओची परवानगी आधी हातात असेल, तर खुशाल नवे पाय लावा. जिच्यात माल भरायचा आणि जिला पांदणीत घालायची, तिचे पाटे काढू नका. आरामच हवा असेल तर जी गाडी कंपनीतूनच आरामाची आली आहे ती घ्या, जुनी का होईना. काकाजींची पिकअप आता महामार्गावर लग्नकार्याला जाते आणि हरभऱ्यासाठी भाड्याची पिकअप येते, जिला समोर पाटे आहेत.

तेव्हा दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, अंजनगाव, जिथं कुठं तुमची जुनी गाडी उभी असेल, तिथं कमरेला दोष देण्याआधी आणि भंगारवाल्याकडे जाण्याआधी एवढं करा. शॉकपचा खालचा बोल्ट सोडा आणि हातानं ओढून पाहा. सुळकन बाहेर आला तर नवा घ्या, सोबत बुश आणि पिना घ्या, पाटे उघडून माती काढा. सरकी निघाली तर पेरू नका, ती उगवत नाही. काकूंनी पेरून पाहिली आहे.